रानमाणसाचा थालर, १६०९, गोसलार: नाण्याला पाच स्टार, विकणाऱ्याला अडीच

सहा महिने झाले हे नाणं माझ्याकडे येऊन, त्यामुळे आता नीट लिहिते. ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेलचा ड्यूक हाइनरिश युलियस याचा चांदीचा थालर, साल १६०९, टांकसाळ गोसलारची. एका बाजूला मुळासकट उपटलेलं झाड हातात घेऊन उभा असलेला केसाळ रानमाणूस आहे, म्हणून जर्मनीत याला विल्डर मान थालर म्हणतात. एका जर्मन नाणे-व्यापाऱ्याच्या वेबसाइटवरून २९० युरोला घेतला, टपालखर्च वेगळा. नाणं म्हणून विचाराल तर डोळे झाकून पाच स्टार, विकणाऱ्याला मात्र अडीचच्या वर देणार नाही, का ते पुढे येतंच.

नोकरीसाठी ब्राउनश्वाइगला आले तेव्हा थालरबद्दल मला एवढंच माहीत होतं की डॉलर हा शब्द त्यावरून आलाय. टाल म्हणजे दरी, बोहेमियातल्या योआखिम्सटाल या खाणगावात श्लिक घराण्याच्या सरदारांनी १५२० च्या आसपास मोठी चांदीची नाणी पाडायला सुरुवात केली, त्या दरीतलं नाणं ते टालर, आणि मग तेच नाव सगळीकडच्या मोठ्या चांदीच्या नाण्याला चिकटलं. मग एका रविवारी गोसलारला रामेल्सबर्गची खाण बघायला गेले. हजार वर्षांहून जास्त काळ चाललेली खाण, १९८८ ला बंद झाली, १९९२ पासून गोसलार शहरासकट जागतिक वारसा यादीत आहे. आत जमिनीखाली अंधारात प्रचंड मोठी लाकडी पाणचाकं उभी आहेत आणि भिंतींवर खनिजांचे निळे-हिरवे ओघळ आलेत, ते बघून मी बराच वेळ गप्पच होते. बाहेर आल्यावर शहरात एका दुकानाच्या काचेत पहिल्यांदा रानमाणसाचा थालर पाहिला आणि घरी येईपर्यंत ठरवून टाकलं की यातला एक आपल्याकडे हवा.

तर नाणं. पाकीट उघडून हातावर घेतलं तेव्हा आधी जाणवलं ते वजन. साधारण ४१ मिलिमीटर व्यास, तळहाताचा मधला खोलगा पूर्ण भरतो. सुरुवातीला गार लागतं आणि मिनिटाभरात हाताइतकंच गरम होतं, चांदीची हीच गंमत आहे. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली तर लांब, बारीक आवाज येतो आणि तो लगेच मरत नाही. खणखणीत नाणं हा शब्द आपण बोलताना किती सहज वापरतो, पण तो आवाज कानांनी ऐकला की तो शब्द कुठून आला ते कळतं.

रानमाणूस समोर बघत उभा आहे, अंगभर केस, कमरेला पानांचा वेढा. नाक झिजून जवळजवळ सपाट झालंय, छातीवरचे केसही पुसट झालेत, पण झाडाची मुळं इतकी स्वच्छ उठलीयत की भिंगाखाली एकेक मोजता येतात. भोवती लॅटिनमध्ये ऑनेस्टुम प्रो पात्रिआ, हे ड्यूकचं ब्रीद, म्हणजे देशासाठी जे उचित आणि सन्मानाचं ते. दुसऱ्या बाजूला वर शिरस्त्राणं असलेली ढाल, खूप खणांची, बारीक कामाची, आणि कडेने ड्यूकची पदवी, हाल्बरश्टाटचा बिशप, ब्राउनश्वाइग आणि ल्युनेबुर्गचा ड्यूक, हे सगळं नुसत्या अद्याक्षरांत. हातोड्याने पाडलेलं नाणं आहे त्यामुळे छाप जरा एका बाजूला सरकलाय, दोन अक्षरांचे डोके कडेबाहेर गेलेत, कड गोल गरगरीत नाही. मला हे फार आवडतं, कारण त्यात तो एक क्षण दिसतो, खालच्या ठशावर चांदीची चकती ठेवली, वरचा ठसा धरला आणि घाव घातला, तेव्हा हात एवढासा हलला आणि ते ४०० वर्षं तसंच राहिलं.

दागिन्यांच्या छोट्या काट्यावर ठेवलं, २८.७४ ग्रॅम. आता हा आकडा महत्त्वाचा आहे. जर्मनी नावाचा एक देश तेव्हा नव्हता, पवित्र रोमन साम्राज्याखाली शेकडो ड्यूक, बिशप, काउंट, स्वतंत्र शहरं होती आणि त्यातले कितीतरी जण आपापली नाणी पाडायचे, मग बाजारात कोणाचं नाणं किती धरायचं हा रोजचा वाद. त्यावर १५६६ मध्ये आउग्सबुर्गच्या राइशस्टागमध्ये, म्हणजे साम्राज्याच्या सभेत, थालरचं माप पक्कं झालं, कलोनच्या एका मार्क वजनातून, म्हणजे २३३.८५६ ग्रॅममधून, ८ थालर पाडायचे आणि शुद्ध चांदीच्या एका मार्कातून ९. गणित केलं की एका थालरचं वजन येतं २९.२३ ग्रॅम, त्यातली शुद्ध चांदी २५.९८ ग्रॅम, बाकी तांबं. म्हणजे माझं नाणं जवळजवळ अर्धा ग्रॅम कमी भरतं. इतके हात लागल्यावर एवढी झीज होणारच, असं म्हणून मी तेव्हा सोडून दिलं. त्या अर्ध्या ग्रॅमकडे पुन्हा यायचंय.

रानमाणूस का, हे मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं. हार्त्स डोंगरातल्या दंतकथांमधला हा माणूस. वरच्या हार्त्समध्ये विल्डेमान नावाचं खाणगाव १५२९ मध्ये वसलं, एर्त्सगेबिर्ग या दुसऱ्या खाणींच्या डोंगररांगेतून आलेल्या खाणकामगारांनी वसवलं, आणि गोष्ट अशी सांगतात की त्यांना जंगलात हातात उपटलेलं झाड घेतलेला एक रानटी माणूस दिसला, त्यांनी त्याचा पाठलाग केला आणि जिथे तो सापडला तिथेच खनिजाची शीर लागली. गोष्ट गोष्टच आहे, पण ड्यूक हाइनरिश धाकटा, म्हणजे आपल्या हाइनरिश युलियसचा आजा, याने १५३९ पासून तो माणूस थालरवर आणला. आणि याच हाइनरिशने १५५२ च्या रीशेनबर्ग करारात गोसलार शहराकडून रामेल्सबर्गच्या खाणी आणि भोवतालचं बहुतेक जंगल स्वतःच्या ताब्यात घेतलं. जंगल का, तर खाणीला आधार द्यायला लाकूड, भट्टीला कोळसा, त्यासाठी झाडंच झाडं लागतात. हार्त्सची चांदी मुख्यतः शिशाच्या खनिजात मिसळलेली असते, आधी धातू वितळवायचा, मग भट्टीत हवा मारून शिसं बाजूला काढायचं, तेव्हा कुठे खाली चांदीचा गोळा उरतो. माझ्या नाण्यातली २६ ग्रॅम चांदी काढायला किती लाकूड जळलं असेल, हा विचार त्या हातातल्या झाडाकडे बघितलं की येतोच. हा रानमाणूस पुढे दोन शतकं तरी नाण्यांवर राहिला, हानोवरहून जाऊन इंग्लंडचे राजे झालेल्या जॉर्ज मंडळींनीसुद्धा तो आपल्या हार्त्सच्या थालरांवर ठेवला.

मधल्या पिढीचा युलियस, म्हणजे आपल्या हाइनरिश युलियसचा बाप, हा हिशेबी आणि विचारी माणूस, हेल्मश्टेटचं विद्यापीठ त्याने १५७६ मध्ये काढलं. त्याने रानमाणसाच्या हातात पेटता दिवा दिला आणि लिहिलं की इतरांची सेवा करताना मी स्वतः जळतो. नंतर त्याला चष्मा, कवटी, वाळूचं घड्याळ दिलं आणि एक लांबलचक वाक्य नुसत्या अद्याक्षरांत घातलं. अर्थ असा, ज्या म्हाताऱ्याला स्वतःला सावरायचं नाही आणि ओळखायचं नाही त्याला दिवा नि चष्मा काय कामाचा. चष्म्याचा थालर म्हणून तो प्रसिद्ध आहे. एका राजाने रोज बाजारात फिरणाऱ्या पैशावर हे छापावं, मला हे वाचून अंगावर काटा आला होता.

आणि मुलगा हाइनरिश युलियस, १५८९ ला गादीवर बसला, कायद्याचा अभ्यास केलेला, स्वतः नाटकं लिहायचा, इंग्लिश नटांची मंडळी वोल्फेनब्युटेलला आणून ठेवलेली. याच माणसाच्या राज्यात चेटूक केल्याच्या आरोपावरून कितीतरी बायकांना जाळलं, ते विसरून याच्याबद्दल लिहिता येत नाही, आणि नाण्यावर मात्र देशासाठी जे उचित ते. साल्डर्न, श्टाइनबर्ग वगैरे सरदार घराण्यांशी त्याचं हाडवैर होतं, ते भांडण त्याने चक्क थालरवर आणलं. १५९५ मध्ये बंडाचा थालर, त्यात बायबलमधल्या, मोशेविरुद्ध बंड करणाऱ्या कोरहच्या टोळीला जमीन गिळतेय. मग खोट्याचा थालर. मग खऱ्याचा, त्यात सत्य उघडं उभं आहे आणि पायाखाली असत्य. १५९९ मध्ये गांधीलमाशांचा, सिंहाला माश्या त्रास देतायत, सिंह कोण नि माश्या कोण हे सांगायला नको. त्याच वर्षी आपल्या रक्तावर पिल्लांना वाढवणाऱ्या पेलिकनचा. बाजारात भाजी घ्यायला गेलेल्या माणसाच्या हातात ड्यूकची बाजू आपोआप जाणार, पत्रकं वाटायची गरज नाही. ते थालर संग्राहकांत फार मागणीचे आहेत आणि किमतीही तशाच, चांगल्या स्थितीतला असेल तर माझ्या नाण्याच्या कितीतरी पट.

मला विचाराल तर पहिला थालर घ्यायचा असेल तर साधा रानमाणूसच घ्या. भांडणाचे थालर बघायला छान, पण ते वाचून झाले की संपतात. साधा रानमाणूस लाखो हातांतून जायला पाडलेला, त्याचं काम एकच, वजन आणि कस बरोबर असणं. आणि ते काम किती मोठं होतं ते पुढच्या दहा वर्षांत कळतं. हाइनरिश युलियस १६१३ ला प्रागमध्ये वारला, गादीवर मुलगा फ्रीडरिश उलरिश आला, १६१८ ला तीस वर्षांचं युद्ध पेटलं आणि लगेच किपर उंड विपरचे दिवस आले. किपर-विपर हे नावच तराजूवरून आलंय, तराजू झुकवायचा, जड नाणी निवडून काढायची, वितळवायची आणि त्यात तांबं घालून हिणकस चिल्लर पाडायची. ब्राउनश्वाइगच्या मुलखात तर त्या काळात ठिकठिकाणी अशा टांकसाळी उगवल्या, ड्यूक नावापुरता आणि त्याच्या नावाने कारभार हाकणारे पैसे काढत बसलेले. चांदीसारखी दिसणारी चिल्लर थोड्याच दिवसांत लाल पडायची. पगार त्या चिल्लरमध्ये, बचत त्या चिल्लरमध्ये, आणि जुना चांगला थालर ज्याच्याकडे असेल तो तो लपवून ठेवणार, कारण त्याचा भाव महिन्यागणिक चढतोय. माझा १६०९ चा रानमाणूस तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा, त्याला कोणीतरी लपवलं असणार, नाहीतर वितळवणाऱ्यांच्या हातून तो सुटला नसता.

हाइनरिश युलियसचा धाकटा मुलगा क्रिस्टियान, त्याचंही सांगून टाकते, त्याने १६२२ मध्ये पाडरबोर्नच्या चर्चमधली संत लिबोरियसची चांदीची पेटी लुटली आणि त्या चांदीचे थालर पाडून सैनिकांचे पगार भागवले, त्यावर लिहिलं, देवाचा मित्र, पाद्र्यांचा शत्रू. बापाने भांडण छापलं, मुलाने दरोडा छापला.

आता विकणाऱ्याबद्दल. वर्णनात लिहिलं होतं सेर श्योन, शब्दशः अर्थ खूप सुंदर, पण जर्मन नाणेवाल्यांच्या भाषेत ती मधली पायरी आहे, म्हणजे झिजलंय पण मुख्य काम स्पष्ट आहे, नवीन लोकांनी त्या शब्दाला फसू नये. तिथपर्यंत ठीक, ती पायरी मला मान्य आहे. फोटो दोन, दोन्ही सरळ समोरून, उजेड वरून, कडेचा फोटो नाही. नाणं आल्यावर तीन-चार दिवस नुसती बघत बसले आणि मग एका रात्री टेबललॅम्पखाली कडेने फिरवत असताना रानमाणसाच्या डोक्याच्या बरोबर वर कडेला एक पाच-सहा मिलिमीटरचा तुकडा वेगळाच चमकला. बाकी कड खडबडीत, काळपट, आणि तेवढीच गुळगुळीत. भिंगातून पाहिलं तर आतल्या बाजूलाही थोडी जागा कानशीने घासून सपाट केलेली, एका अक्षराचा वरचा भाग त्यात गेलाय. हेंकेलश्पूर म्हणतात याला, म्हणजे कधीकाळी या नाण्याला कडी जोडली होती, आपल्याकडे पुतळ्यांना कडी लावून गळ्यात घालायचे तसंच, आणि नंतर कोणीतरी ती काढून जागा घासून टाकली. हरवलेल्या अर्ध्या ग्रॅममधला थोडा वाटा या कानशीचा आहे.

कडीची खूण असलेल्या नाण्याची किंमत चांगलीच उतरते आणि वर्णनात ते लिहिणं हा या धंद्यातला साधा नियम आहे, प्रत्येक लिलावाच्या कॅटलॉगमध्ये हेंकेलश्पूर हा शब्द जागोजागी दिसतो. मी फोटो काढून मेल केला. पहिलं उत्तर आलं की इतक्या जुन्या नाण्यात असं चालायचंच. मला त्या वाक्याचा राग आला, कारण झीज वेगळी आणि कानस वेगळी, हे मला सहा दिवसांत कळलं तर रोज नाणी हाताळणाऱ्याला कळलं नसेल हे मी मानणार नाही. दुसऱ्या मेलमध्ये स्पष्ट लिहिलं की ऑनलाइन खरेदीवर १४ दिवसांत परत करायचा हक्क मला आहे, एकतर नाणं परत घ्या नाहीतर किंमत कमी करा. मग ८० युरो परत आले, दिलगिरीचा एक शब्द नाही. पॅकिंग चांगलं होतं, पावती आणि खरेपणाची लेखी हमी आली, पैसे दोन दिवसांत आले, म्हणून अडीच.

परत का नाही केलं ते सांगते. वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात, पन्नास वर्षं नाणी जमवतायत, त्यांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी नाणं दोन बोटांत कडेला धरलं, रानमाणूस सरळ ठेवला आणि उभ्या अक्षावर फिरवून ढाल पुढे आणली. ढाल तिरकी आली, घड्याळात दोन वाजतात तितकी कललेली. हाताने पाडताना वरचा ठसा कसाही धरला जायचा, त्यामुळे दोन्ही बाजूंचे माथे जुळतीलच असं नाही. ते म्हणाले, आता कडी कुठे होती बघा. कडी होती रानमाणसाच्या डोक्यावर. म्हणजे ज्याने ही कडी लावली त्याने ढाल, ड्यूक, पदव्या यांच्याकडे बघितलंच नाही, ते सगळं वाकडं लटकलं तरी त्याला चालणार होतं, त्याला रानमाणूस सरळ हवा होता. गळ्यात घातला की पोशाखावर लावला, बाई की पुरुष, खाणकामगाराच्या घरातलं की शहरातलं, काही असो, पण नाण्याकडे पैसा म्हणून न बघता त्या माणसासाठी ते जवळ ठेवलेलं कोणीतरी होतं. बहुतेक त्या कडीमुळेच नाणं भट्टीत गेलं नाही. त्या संध्याकाळनंतर परत करायचा विषय माझ्या डोक्यातून गेला.

तुम्ही घेणार असाल तर कडेचे फोटो आधी मागा, चारही बाजूंनी, आणि वजन दोन दशांशांपर्यंत लिहून मागा. थालर २८ च्या खूप खाली असेल तर कारण विचारा. कडेला सांध्यासारखी बारीक रेघ दिसली किंवा अक्षरं साबणावर उठवल्यासारखी मऊ दिसली तर ओतीव नक्कल असू शकते, लांब राहा. घासूनपुसून पांढरंशुभ्र केलेलं नाणं फोटोत छान दिसतं पण त्याच्यावरचा करडा थर कायमचा गेलेला असतो. कडीची खूण असलेलं नाणं टाळाच असं मी म्हणणार नाही, स्वस्तात मिळत असेल आणि विकणारा सांगून देत असेल तर पहिल्या खरेदीला ते चांगलंच आहे, २१० युरोला हा रानमाणूस मला बिलकुल महाग वाटत नाही. घरी आणल्यावर पॉलिश लावू नका, मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्याने हिरवट चिकट थर येतो.

जर्मन संग्राहक ट्रेमध्ये प्रत्येक नाण्याखाली कागदाची एक छोटी चिठ्ठी ठेवतात, त्यावर नाव, साल, टांकसाळ, कुठून घेतलं. माझ्या नाण्याबरोबर व्यापाऱ्याची छापील चिठ्ठी आली होती, त्यावर फक्त सेर श्योन. ती मी काढून पावतीबरोबर फायलीत लावली आणि वरच्या आजोबांनी दिलेल्या कोऱ्या चिठ्ठीवर माझ्या हाताने लिहिलं, हाइनरिश युलियस, थालर १६०९, गोसलार, २८.७४ ग्रॅम, वर कडी काढल्याची खूण, रानमाणूस सरळ, ढाल तिरकी.